शेतात, बांधावर आणि विहिरीवर पक्ष्यांची घरटी : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर-यावलचा केळीपट्टा, साक्री-शिंदखेड्याची कोरडवाहू शेतं, शहादा-तळोद्याची सातपुड्याला टेकलेली गावं. या सगळीकडून शेतकरी, शिक्षक आणि कॉलेजची मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. शेतात पक्ष्यांनी घरटी करावीत असं वाटतं. सगळ्यात आधी काय करू?

बांधाच्या साफसफाईचा महिना बदला. पेटी, रोपं, पाण्याची भांडी हे सगळं त्यानंतर.

कापूस वेचून झाला, गहू-हरभरा निघाला की फेब्रुवारी ते मे या काळात आपल्याला सवड असते. बांध पेटवणं, बाभळी छाटणं, नाल्याकाठची झुडपं जेसीबीने ओढून काढणं ही कामं तेव्हाच उरकली जातात. बहुतेक पक्ष्यांचा घरट्यांचा हंगामही तोच. ‘आमच्याकडे पक्षीच राहिले नाहीत’ असं अनेक जण लिहितात. पक्षी आलेले असतात, त्यांनी जागा बघून अंडीही घातलेली असतात, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी बांध स्वच्छ करायच्या नादात ती आपल्याच हातून जातात.

छाटणी आणि झाडझूड दिवाळीनंतर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत करा. त्या दिवसांत कापसाची वेचणी आणि रब्बीची धावपळ असते, मजूर मिळत नाहीत, हे खरं आहे. म्हणून सगळा बांध एका वर्षात काढू नका. यंदा एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. त्यामुळे कामही झेपतं आणि पक्ष्यांना दरवर्षी कुठेतरी जुनं गवत आणि झुडूप मिळतं.

२. कोणता पक्षी कधी घरटं करतो?

पोपट, पिंगळा आणि तांबट थंडी सरता सरता, फेब्रुवारीच्या सुमारास ढोल्यांवर ताबा सांगू लागतात. ऊन तापलं की हुदहुद, नीलपंख आणि राखी धनेश ढोलीत, वेडा राघू मातीच्या उभ्या कडेत, चिरक दगडी बांधाच्या फटीत, तर टिटवी, माळटिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. कोतवाल एप्रिलपासून उंच झाडाच्या बेचक्यात छोटी वाटी विणतो.

मृगाच्या सरी पडल्या की दुसरी फळी कामाला लागते. सुगरण, वटवट्या, लावे, मोर आणि बगळ्यांच्या वसाहती सप्टेंबरपर्यंत, काही ठिकाणी त्याही पुढे चालतात. होला आणि चिमणी जवळजवळ वर्षभर अंडी घालू शकतात. म्हणून फांदी तोडण्यापूर्वी कोणत्याही महिन्यात एकदा वर बघायचंच.

३. पक्षी वाढले तर पीक खाणार नाहीत का?

काही खातील. पोपट मक्याची कणसं सोलतो, चिमण्या आणि सुगरणी ज्वारीच्या दाण्यावर बसतात. हे नाकारून कुणाचा विश्वास बसणार नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) शेतावर ढगासारखे उतरणारे भोरड्यांचे थवे आपल्याकडे घरटी करत नाहीत. ते हिवाळी पाहुणे. त्यांची वीण मध्य आशिया आणि पूर्व युरोपच्या बाजूला होते. तुम्ही बांध जाळला काय किंवा राखला काय, ते येणारच. दुसरं, दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्या आणि किडे भरवतात. चिमणी आणि सुगरण दोघींची पिल्लं किड्यांवर वाढतात. सुगरणींची पिल्लं घरट्यात असतात ते जुलै-ऑगस्ट. तेव्हा शेतात दाणा नसतो, अळी असते.

कणसं भरण्याच्या दोन-तीन आठवड्यांत राखण करा, चमकणाऱ्या पट्ट्या लावा, डबा वाजवा. जाळी लावायची असेल तर ताणून लावा. सैल नायलॉनच्या जाळीत पक्षी, साप आणि सरडे गुरफटून तडफडत मरतात. बारीक नायलॉनचा धागा तर शेतात ताणूच नका.

४. बांध पेटवायचा नाही, मग गवताचं काय करायचं? त्यात साप होतात.

कापा. विळ्याने किंवा ग्रास कटरने वीतभर उंचीवर कापलं तर मुळं राहतात, माती धरून ठेवतात, आणि तित्तर, चंडोल यांना आडोसाही उरतो. कापलेलं गवत केळीच्या किंवा लिंबूच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाका. खान्देशातल्या मे महिन्यात आच्छादनाची किंमत वेगळी सांगायला नको.

ज्या वाटेने तुम्ही रोज जाता, मोटारीपर्यंत पाणी सोडायला रात्री जाता, ती वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंचं दोन-दोन हात गवत पूर्ण साफ ठेवा. रात्रीची वीज असते, पाण्यासाठी अंधारात जावं लागतं, अशा वेळी सापाची भीती खरी आहे आणि माणसाचा जीव आधी. बॅटरी आणि बूट हवेतच. उरलेला बांध मात्र राहू द्या.

५. झुडपं ठेवली की रानडुकरं बसतात. शेजारी भांडायला येतो. काय सांगू?

शेजाऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रानडुकरांना दिवसा लपायला दाट, रुंद, आत शिरता येईल अशी झाडी लागते. नाल्याकाठी माजलेली वेडी बाभूळ किंवा घाणेरीचं रान ही त्यांची आवडती जागा. पक्ष्यांना इतकी दाटी लागत नाही. तीन-चार फूट रुंदीची पट्टी, मध्ये मध्ये एकेक बोर, हेंकळ, तरवड, निरगुडी आणि अधूनमधून मोकळी जागा, एवढं पुरतं. अशा पट्टीतून आरपार दिसतं, त्यामुळे डुक्कर तिथे मुक्काम करत नाही. घाणेरी आणि वेडी बाभूळ काढून टाकायला माझी काहीच हरकत नाही, फक्त प्रश्न १ मधला महिना पाळा.

सातपुड्याच्या पायथ्याला किंवा जिथे बिबट्याचा वावर आहे तिथे घराच्या आणि गोठ्याच्या भोवतीची जागा मोकळीच ठेवा. घरट्यांची पट्टी शेताच्या दूरच्या कडेला.

६. कोणती झाडं लावावीत?

वड, पिंपळ, उंबर. एकेक पुरेसं आहे, तेही शेताच्या उत्तर कडेला, म्हणजे सावली पिकावर पडत नाही. हरियाल, तांबट, धनेश, कोकिळ यांना फळं मिळतात, आणि झाड मोठं झालं की ढोल्या तयार होतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हा उंबर-वडाचाच पक्षी आहे.

देशी बाभूळ अनेकांना नकोशी वाटते. तिच्या काट्यांमुळे मांजर आणि माणूस दोघेही लांब राहतात, म्हणून सुगरण आणि होला यांच्यासाठी तिच्यासारखं झाड नाही. कडुनिंब, चिंच, भोकर, करंज, जांभूळ चांगली. पळस, पांगारा, काटेसावर यांच्या फुलांवर ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी सूर्यपक्षी आणि मैना जगतात. शिंदीची झाडं तोडू नका, नाल्याकाठी आपोआप आलेली असतील तर नशीब समजा.

गुलमोहर, सप्तपर्णी, निलगिरी, सुबाभूळ यांची रांग लावून ‘पक्ष्यांसाठी झाडं लावली’ असं समजू नका. त्यांचा या कामाला फार थोडा उपयोग.

७. शेतात वाळलेलं निंबाचं झाड उभं आहे. पाडून जळणाला वापरू का?

रस्त्यावर, गोठ्यावर किंवा विजेच्या तारेवर पडण्याचा धोका नसेल तर कृपा करून राहू द्या. आपल्या भागात घरट्यांसाठी सगळ्यात जास्त टंचाई ढोलीची आहे. तांबट स्वतः चोचीने भोक पाडतो, तेही वाळलेल्या, सडत आलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला. सुतार पक्षीही मऊ झालेलं लाकूड शोधतो. त्यांनी सोडलेल्या ढोल्या पुढे मैना, पोपट, पिंगळा, हुदहुद वापरतात. म्हणजे एक वाळलेलं खोड वर्षानुवर्षं एकामागून एक बिऱ्हाडं सांभाळतं.

धनेशाचं तर सगळं जगणंच ढोलीवर आहे. मादी आत शिरते, विष्ठा आणि चिखलाने दार लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर तिला आणि पुढे पिल्लांना त्या फटीतून उंबराची फळं, किडे, सरडे भरवत राहतो. त्या दिवसांत नर मेला किंवा झाड पडलं तर सगळं कुटुंब गेलं. मोठ्या जुन्या झाडाला ढोली असेल तर धनेश वर्षानुवर्षं तिथेच परततो.

धोका असेल तर पूर्ण झाड पाडण्याऐवजी वरच्या फांद्या उतरवा आणि दहा-बारा फूट खोड उभं ठेवा.

८. लाकडी पेट्या लावून उपयोग होतो का? आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या वर ऊन जातं.

होतो, पण जागा चुकली तर पेटी म्हणजे भट्टी. जळगाव-भुसावळकडच्या उन्हात पत्र्याची, प्लास्टिकची किंवा डांबरी पुठ्ठ्याची पेटी लावणं पिल्लांच्या जिवावर बेतणारं आहे. जाड लाकूड घ्या किंवा मातीचं मडकं. मडकं हवा खेळती ठेवतं आणि कुंभाराकडे भोक पाडून मिळतं. तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला, आणि दुपारनंतर सावली हवीच. पेटीला वरच्या कडेला बारीक हवेची भोकं आणि तळाला पाणी निथळायची भोकं ठेवा.

चिमणीसाठी भोक सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर. तेवढ्यात मैना शिरत नाही. मैनेसाठी दोन इंच. पिंगळ्यासाठी सुमारे तीन इंच आणि आत फूटभर खोली. गव्हाणी घुबडाची पेटी मोठी लागते : दीड-दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि उंच, दार सहा इंच. ती पंधरा फुटांवर, माणसांची वर्दळ नसलेल्या गोदामात, खळ्यावरच्या शेडमध्ये किंवा एकट्या झाडावर लावतात.

भोकाखाली बसायला काडी लावू नका. घरच्या पक्ष्याला ती लागत नाही, कावळ्याला मात्र बसायला जागा होते. पेटी पहिल्या वर्षी रिकामी राहिली तर हलवू नका. दुसऱ्या वर्षीही कुणी आलं नाही तरच जागा बदला.

९. विहिरीवर पूर्वी सुगरणींची घरटी लोंबायची, आता का नाहीत?

विहिरीवर वाकलेली बाभूळ तोडली गेली, हे पहिलं कारण. मोटार काढायला-सोडायला अडचण होते म्हणून काठ मोकळा केला जातो. सुगरणीला मात्र पाण्यावर लोंबणारी, काटेरी, बारीक फांदीच लागते. तिथे साप आणि मांजर पोहोचायला घाबरतं. पावसाळी वारा नैऋत्येचा, म्हणून घरटी बहुतेकदा झाडाच्या पूर्वेकडच्या, आडोशाच्या अंगाला बांधतात. विहिरीच्या पश्चिमेला उभी राहून पाण्याकडे झुकलेली बाभूळ म्हणजे त्यांच्यासाठी उत्तम जागा.

दुसरं कारण गवताचं. घरटं नर विणतो. त्याला लांब, चिवट पात्यांच्या हिरव्या चिरफळ्या लागतात. नाल्याकाठचं उंच गवत, शिंदी, ज्वारी-बाजरीची पानं यांतून तो त्या ओढून काढतो. तणनाशकाने नालाकाठ तांबडा केला की विणायला काहीच उरत नाही.

अर्धवट घरटी खूप दिसतात, त्याबद्दलही बरेच जण विचारतात. नर घरटं अर्ध्यावर, टोपीच्या आकारात आणून थांबतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. तिला पसंत पडलं तरच पुढची अंड्यांची खोली आणि खालची नळी विणली जाते. नापसंत घरटी तशीच सोडून तो दुसरं सुरू करतो. एक नर एकाहून अधिक माद्यांसाठी घरटी बांधतो. मातीचे ठिपके या टोपीच्या आकाराच्या घरट्यात चिकटवलेले सापडतील.

जुनं घरटं दिवाणखान्यात टांगायला काढू नका. मुनिया रिकाम्या घरट्यांत आपलं बिऱ्हाड थाटते. बाजारात विकायला आणलेली घरटी तर विकत घेऊच नका.

१०. वखर घालायला गेलो आणि टिटवीची अंडी सापडली. उचलून बांधावर ठेवू का?

नाही. टिटवी जागा ओळखते, हलवलेली अंडी बहुधा सोडून देते. चारही कोपऱ्यांवर हातभर लांब काड्या रोवा, त्यावर चिंधी बांधा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला दिसेल. मधली दोन-तीन मीटरची जागा सोडून बाकी काम करा. काड्या अंड्यांच्या अगदी जवळ नकोत, कावळ्याला खूण कळते.

अंडी उबायला साधारण २६ ते ३० दिवस लागतात. पिल्लं बाहेर आल्यावर काही तासांतच चालू लागतात आणि आई-बापांमागे निघून जातात. म्हणजे महिनाभर थांबलात की जागा तुमचीच. भर उन्हात नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर उभी राहून सावली धरतात, आणि पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन अंडी थंड करतात. म्हणूनच मे महिन्यात तुम्ही घरट्याजवळ उभे राहून व्हिडिओ काढत राहिलात तर दहा-पंधरा मिनिटांत अंडी उकडू शकतात. काड्या रोवण्याचं काम सकाळी लवकर करा आणि लगेच दूर व्हा.

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, अशी समजूत गावोगावी आहे. टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते, दुष्काळातही. त्या समजुतीमुळे लोक अंडी बघायला जातात, मोजायला हात लावतात, तेवढं तरी थांबवा.

११. शाळेच्या किंवा क्रिकेटच्या मैदानावर अंडी असतील तर? खेळ बंद ठेवायचा?

बंद ठेवायची गरज नाही. प्रश्न १० मधल्या काड्या इथेही चालतात, त्यांच्याभोवती दोरी बांधा आणि सीमारेषा तेवढी आत घ्या. मुलांना कारण सांगितलं की तीच राखण करतात. मोठ्या शहरांतल्या गोल्फच्या मैदानांवरही हेच तत्त्व वापरतात : खेळायचा भाग रोज कापायचा आणि कडेचं उंच गवत वर्षभर राहू द्यायचं. मैदानाच्या चारी बाजूंनी कुंपणालगत दहा फूट गवत जूनपासून दिवाळीपर्यंत न कापता ठेवलं तर चंडोल, लावे आणि वटवट्या यांना जागा मिळते. खेळाला त्याचा काही अडथळा नाही.

१२. पाण्याची भांडी ठेवली, तरी पक्षी येत नाहीत.

भांडं खोल असेल. दोन इंचांपेक्षा जास्त पाणी नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. सावलीत ठेवा, पण मांजर दबा धरेल अशा झुडपाला चिकटून नको. रोज घासून पाणी बदला. शेतात ठिबकच्या लाइनीचा एक ड्रिपर झाडाखालच्या खळग्यात सोडला तर भांड्यापेक्षा चांगलं काम होतं, कारण ओली माती चिमण्यांना, वेड्या राघूला आणि फुलपाखरांना सगळ्यांनाच हवी असते.

१३. शेततळ्यावर पक्षी येतात, पण त्यात ससे, मुंगूस बुडून मरतात. उपाय?

प्लास्टिकचा कागद घसरडा असतो, ओला झाला की नखं लागत नाहीत. पाणी प्यायला उतरलेला प्राणी कडेने पोहत पोहत दमून मरतो. खोकड, साळिंदर, कुत्र्याची पिल्लं, कधी माणसाचं लेकरूही. चारही बाजूंना काथ्याची जाळी किंवा गाठी मारलेला जाड दोर काठावरच्या खुंटीला बांधून थेट तळापर्यंत सोडा. जुन्या ठिबकच्या नळ्यांची शिडीही चालते. पाणी कमी झालं तरी टोक पाण्यात राहायला हवं. हे काम एका दुपारचं आहे. शेततळं ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते याच आठवड्यात करावं, इतकं मला ते निकडीचं वाटतं.

कुंपण असेल तर त्याच्याही आत दोर हवेत, कारण खालून शिरणारे शिरतातच. विहिरीला कठडा नसेल तर तो आधी.

१४. केळीच्या बागेत कोणी घरटं करतं का?

बुलबुल, होला, शिंपी, सूर्यपक्षी करतात. बागेत गारवा आणि आडोसा दोन्ही असतं. वाळकी पानं कापताना लोंबणाऱ्या पानाच्या गुंडाळीत हात घालण्याआधी बघा, वटवाघळंही तिथे दिवस काढतात. मृगबाग (जूनच्या सुमाराची लागवड) असो वा कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराची), वारा अडवायला कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतातच. त्या शेवरीच्या रांगेत मध्ये मध्ये बोर आणि निरगुडी घाला आणि ती रांग एकदम न छाटता अर्धी-अर्धी छाटा. केळीपट्ट्यात मैलोन् मैल दुसरं झाड दिसत नाही, तिथे ही वाऱ्याची रांग म्हणजेच त्यांचा बांध.

१५. कापसात आणि हरभऱ्यात पक्षी थांबे लावतात, ते किती आणि कशाचे?

एकरी आठ-दहा, पिकापेक्षा फूट-दीड फूट उंच, वर आडवी काडी. पऱ्हाटीच्या किंवा बांबूच्या काड्या चालतात. कोतवाल, वेडा राघू, नीलपंख, खाटीक हे उंचावरून हेरून किडे पकडतात, त्यांना बसायला जागा लागते. हरभऱ्यात पेरतानाच मूठभर ज्वारी मिसळली तर जिवंत थांबे तयार होतात आणि घाटेअळीवर चांगला उपयोग होतो.

गुलाबी बोंडअळीवर मात्र यातून मोठी अपेक्षा ठेवू नका. ती बोंडाच्या आत असते, पक्ष्याला दिसत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे (नर पतंगाला वासाने ओढून पकडणारे) आणि फरदड (हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी राखून घेतलेलं पीक) न घेणं हेच उपाय.

कोतवालाचं घरटं शेतातल्या झाडावर असेल तर त्याचा आणखी एक फायदा आहे. तो घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, घारीला, शिकऱ्यालाही हुसकावून लावतो. म्हणून बुलबुल आणि होला त्याच्या शेजारी घरटं करायला बघतात.

१६. फवारणी तर करावीच लागते. मग?

घरटं असलेल्या झाडाच्या आणि बांधाच्या कडेने दोन-तीन ओळी फवारू नका, आणि वारा बांधाकडे वाहत असताना तर नाहीच. मोनोक्रोटोफॉस पक्ष्यांना अतिशय विषारी आहे. ते वापरूच नका. औषध लावलेलं रंगीत बियाणं पेरताना सांडलं तर लगेच मातीआड करा, तित्तर आणि होले ते टिपतात. रिकामे डबे विहिरीवर किंवा नाल्यात धुणं हा वेगळाच गुन्हा आहे, आणि गावात अजून सर्रास चालतो.

१७. उंदरांसाठी औषध टाकलं तर घुबडाला काही होतं का?

होतं. ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त पातळ करणारं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. घुबडाला तो सोपा सापडतो, आणि असे उंदीर खात राहिलं की घुबडाच्या अंगात विष साचतं. पिल्लं असताना गव्हाणी घुबडाची जोडी रातभर उंदीर आणत असते, म्हणजे तुमचं काम करणाऱ्यालाच आपण मारतो. आधी सापळे लावा, बिळं खणून बुजवा. औषध टाकावंच लागलं तर बिळाच्या आत टाका आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा.

घुबड अपशकुनी म्हणून त्याची पेटी लावायला घरचे तयार नसतील तर घरापासून दूर, खळ्यावर लावा. एका हंगामात पेटीखाली पडलेले हाडा-केसांचे गोळे दाखवा. त्यात उंदरांच्या कवट्या मोजता येतात. याहून चांगलं समजावणं मला माहीत नाही.

१८. आमचं शेत सातपुड्याला लागून आहे. दिसतो तो साधा पिंगळा की रानपिंगळा?

गावात, वडावर, जुन्या भिंतीत दिसतो तो बहुतेक साधाच. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ ठिपके नसलेलं, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट पांढरं, पंख आणि शेपटीवर रुंद पट्टे. तो दिवसाही, विशेषतः सकाळी, उंच उघड्या फांदीवर बसलेला दिसतो.

हा पक्षी शास्त्राला १८७३ मध्ये माहीत झाला, पुढे शंभराहून अधिक वर्षं कुणाला सापडला नाही, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. आपल्या मातीतला हा जगातला दुर्मीळ पक्षी आहे. तोरणमाळ आणि यावलच्या सागाच्या रानात त्याचा वावर आहे. तोही ढोलीत घरटं करतो, म्हणून जंगलाला लागून शेत असणाऱ्यांसाठी प्रश्न ७ दुप्पट महत्त्वाचा. दिसला तर मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका, जागा जाहीर करू नका, वन विभागाला कळवा.

१९. पिल्लू खाली पडलं आहे. घरी आणू का?

अंगावर पिसं आली असतील, टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. मांजर-कुत्रं दूर ठेवा, जवळच्या फांदीवर ठेवा आणि निघा. आई-बाप आसपास असतात. उघडं, पिसं नसलेलं पिल्लू असेल आणि घरटं हाताला लागत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. घरटंच मोडलं असेल तर छोट्या टोपलीत वाळकं गवत घालून त्याच फांदीला बांधा आणि दुरून बघा. दूध पाजू नका, चोचीत पाणी ओतू नका. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. टिटवीचं पिल्लू जमिनीवरच असतं, ते ‘पडलेलं’ नसतं (प्रश्न १० पाहा).

२०. साप घरट्यातली अंडी खातोय. मारू का? कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू आहे, ते काढू का?

दोन्हीला उत्तर एकच : हात लावू नका. धामण अंडी खाते आणि तुमच्या शेतातले उंदीरही खाते. पाळीव मांजर मात्र आपली जबाबदारी आहे. घरट्यांच्या दिवसांत तिला सकाळ-संध्याकाळ घरात ठेवा. पेटीच्या खांबाला किंवा एकट्या खोडाला दोन फूट उंचीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला तर मांजर चढत नाही.

२१. वेडा राघू माझ्या मधमाश्या खातो. त्याची बिळं बुजवू का?

बुजवू नका, आत पिल्लं कोंडून मरतील. बिळं तीन-चार फूट आत जातात. बहुतेक नाल्याच्या कडेत, शेततळ्याच्या मातीच्या ढिगात असतात. मधमाश्यांच्या पेट्या तिथून दूर, झाडांच्या दाट सावलीत हलवा. राघूला उघड्यावर झेप घ्यायला आवडतं.

२२. घरटं असलेलं झाड तोडायलाच लागणार आहे. कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. जमीन तुमची असली तरी घरटं तुमचं नाही. झाडासाठी वेगळे कायदे आहेत : शेतजमिनीवर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा, ज्यात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन अशी झाडं येतात, आणि शहरात १९७५ चा नागरी क्षेत्रातला कायदा, ज्यात नगरपालिका किंवा महापालिकेची परवानगी लागते. परवानगी मिळाली म्हणजे घरट्यासकट झाड पाडायची मुभा मिळाली असं नाही. वापरातलं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. लहान पक्ष्यांना अंडी घातल्यापासून महिनाभर पुरतो, धनेश आणि घुबडांना बरेच जास्त दिवस लागतात.

बगळ्यांची वसाहत असलेलं चिंचेचं झाड विष्ठेच्या वासामुळे पावसाळ्यात तोडल्याच्या बातम्या येतात. शेकडो पिल्लं एका तासात जमिनीवर येतात. वास नको असेल तर पावसाळ्यापूर्वी झाडाखालची बैठक, गाड्या, टपरी हलवा, चुना टाका. दिवाळीपर्यंत वसाहत आपोआप उठते.

२३. पिल्लं उडून गेली. आता घरटं काढू का?

पेटी आणि मडकं डिसेंबरमध्ये उघडून जुना कचरा काढा, कारण त्यात गोचिडासारखे किडे राहतात. कडकडीत उन्हात दोन दिवस वाळवून परत त्याच जागी, त्याच दिशेला लावा. झाडावरचं उघडं घरटं तसंच राहू द्या. कोतवाल किंवा होला पुढच्या वर्षी त्याच फांदीवर येतो, कधी जुन्या काड्या उचलून नव्यात घालतो. वळचणीतलं चिमणीचं घरटं काढण्याआधी आठवडाभर बघा, तिची दुसरी अंडी लगोलग पडलेली असू शकतात.